प्रौढ माणसे टेनिस का खेळतात? हैदराबादच्या निमित्ताने एक विचार

खेळ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर शाळेचे मैदान आणि त्यावर धावणारी मुले येतात. शाळेच्या वेळापत्रकातील खेळाचा तास, आंतरशालेय सामने, परीक्षेत खेळाडूंना मिळणारे वाढीव गुण या सर्वांचा रोख विद्यार्थ्यांकडे असतो आणि तो असणे योग्यही आहे. तथापि शाळा सुटली, नोकरी लागली, संसार सुरू झाला की बहुतेकांचा मैदानाशी असलेला संबंध तुटतो. चाळिशीच्या माणसाने खेळासाठी वेळ काढला तर घरच्यांना तो उधळपट्टीचा वाटतो, आणि शेजाऱ्यांना हसण्याचा विषय मिळतो. बाईमाणसाने तसे केले तर हसण्यावरही भागत नाही.

या उदासीनतेची किंमत मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी केलेली आणि २०२४ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते की, २०२२ साली भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण शेकडा ४२ च्या आसपास, तर स्त्रियांत शेकडा ५७ च्या आसपास होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीनुसार देशातील मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर गेली आहे. प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची किंवा ७५ मिनिटे जोरकस श्रमाची हालचाल करावी, हा आरोग्य संघटनेचा सल्ला आता दवाखान्यातील भिंतीवरही लिहिलेला आढळतो. तो वाचणारे पुष्कळ, मानणारेही पुष्कळ. पाळणारे मात्र थोडे. तेव्हा येथे उणीव माहितीची नाही, ती प्रेरणेची आहे. म्हणूनच जी प्रौढ माणसे कोणी सांगितले नसता, बक्षिसाची आशा नसता, वर्षानुवर्षे पहाटे उठून खेळायला जातात, त्यांना तिकडे कोण ओढून नेते, हे पाहणे अगत्याचे ठरते.

या विचारासाठी टेनिसची निवड मुद्दाम केली आहे. हा खेळ सोपा नाही, स्वस्त नाही आणि त्याला जागाही पुष्कळ लागते. चालणे किंवा सूर्यनमस्कार यांना यांपैकी कशाचीच अडचण नाही. असे असूनही माणसे सोपे सोडून अवघड पत्करतात, त्या अर्थी त्यांना त्यातून काहीतरी असे मिळत असले पाहिजे की जे निव्वळ व्यायामातून मिळत नाही.

हैदराबाद आणि टेनिस

हैदराबाद हे मराठी वाचकाला परके शहर नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होईपर्यंत मराठवाड्याचे पाचही जिल्हे हैदराबाद राज्यात होते. उस्मानिया विद्यापीठात शिकलेली एक संपूर्ण पिढी मराठवाड्यात शिक्षक, वकील आणि अधिकारी म्हणून वावरली. सुलतान बाजार, काचीगुडा या भागांत मराठी कुटुंबे आजही नांदत आहेत.

या शहरात टेनिस आले ते लष्कराच्या छावणीबरोबर आणि दरबाराच्या छायेत. मेजर वॉल्टर विंगफील्ड या इंग्रज अधिकाऱ्याने १८७४ साली या खेळाचे एकस्व घेऊन जाळे, रॅकेटी आणि चेंडू यांची पेटी विक्रीस काढली. १८७७ साली विंबल्डनची पहिली स्पर्धा झाली. त्याच सुमारास, १८७८ साली, सिकंदराबाद क्लबाची स्थापना झाली आणि १८८४ साली निजाम क्लबाची. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हुतूतू, आट्यापाट्या, विटीदांडू हे आपले खेळ प्रथम मुलांचे आणि मग मोठ्यांचे. टेनिसची गोष्ट उलटी आहे. बागेतील हिरवळीवर चहापानासाठी जमलेल्या प्रौढ स्त्रीपुरुषांनी खेळावा, यासाठीच तो निघाला. मुलांना तो शिकवण्याची पद्धत फार पुढे आली.

क्लबातील टेनिस हा त्या काळी प्रतिष्ठेचा भाग होता, हे लपवण्यात अर्थ नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी अधिकाऱ्यांचा क्लब असे, त्याच्या आवारात एखादे कोर्ट असे आणि सायंकाळी तेथे कोण कोणाबरोबर खेळतो यावरून गावात पुष्कळ काही ओळखले जाई. साहेबाबरोबर खेळायला मिळावे म्हणून रॅकेट हाती धरणारेही होतेच. हा हेतू आजही सर्वस्वी नाहीसा झालेला नाही. जुन्या क्लबांचे सभासदत्व सहजी मिळत नाही आणि जे दुर्मीळ त्याची ओढ माणसाला असतेच. तथापि प्रतिष्ठेसाठी आलेला माणूस क्लबात टिकतो, मैदानावर टिकतोच असे नाही. काही महिन्यांनी तो रॅकेट ठेवून पत्त्यांच्या मेजाकडे वळतो.

याच क्लबांनी आणखी एक वर्ग घडवला, त्याचा उल्लेख क्वचितच होतो. सभासदांचे चेंडू वेचण्यासाठी गरीब घरची मुले ठेवलेली असत. त्यांतील चलाख मुले पाहूनपाहून खेळ शिकत आणि मोठेपणी 'मार्कर' म्हणून नोकरीस लागत. सभासदाला जोडीदार मिळाला नाही तर त्याच्याशी खेळणे, हे मार्करचे काम. पुढे त्यांतूनच कित्येक प्रशिक्षक तयार झाले. ज्यांना खेळ हा शौक म्हणून परवडत नव्हता त्यांनी तो पोटासाठी आत्मसात केला आणि शौकिनांना शिकवला, ही आपल्याकडील टेनिसच्या इतिहासातील मोठी विसंगती होय.

स्वातंत्र्योत्तर काळात मैदाने हळूहळू खुली झाली. १६८७ साली गोवळकोंडा जिंकणाऱ्या मोगल फौजेची स्मृती ज्याच्या नावात आहे त्या फतेह मैदानाला पुढे लालबहादूर शास्त्रींचे नाव मिळाले आणि तेथील टेनिस संकुलात सामान्य नागरिकांची मुले शिकू लागली. हैदराबादचे एस. पी. मिश्रा १९६० च्या दशकात भारताच्या डेव्हिस चषक संघात खेळले आणि उतारवयात त्याच संघाचे न खेळणारे कर्णधार झाले. मुंबईत जन्मलेली पण हैदराबादेत वाढलेली सानिया मिर्झा हिने फेब्रुवारी २००५ मध्ये याच संकुलात 'हैदराबाद ओपन' ही स्पर्धा जिंकली. महिलांच्या व्यावसायिक टेनिसमध्ये एकेरीचे अजिंक्यपद मिळवणारी ती पहिली भारतीय होय. २०१५ साली तिने मार्टिना हिंगीसबरोबर विंबल्डनचे दुहेरीचे अजिंक्यपद मिळवले आणि २०२३ साली लालबहादूर मैदानावरच प्रेक्षकांचा निरोप घेतला. लहानपणी आपण शेणाने सारवलेल्या कोर्टावर खेळलो, असे तिने अनेकदा सांगितले आहे. आपल्या खेड्यातील वाचकांना यात नवल वाटू नये. खळे करण्याची जी रीत तीच थोड्याफार फरकाने येथे वापरली जाई.

या यशाचा एक परिणाम पालकांवर झाला. मुलामुलींना शिकवणीला सोडावयास आलेले आईबाप तासभर कडेच्या बाकावर बसून राहतात. काही दिवसांनी त्यांतील एखादा चेंडू परत फेकतो, मग शेजारच्या रिकाम्या कोर्टावर दोनचार फटके मारून पाहतो आणि वर्षभरात मुलापेक्षा बापच नियमित येऊ लागतो. हा प्रकार हैदराबादेतच नव्हे तर पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरही पाहावयास मिळतो.

सुरुवात एका कारणाने, टिकणे दुसऱ्या कारणाने

प्रौढांना विचारले की तुम्ही का खेळता, तर पहिले उत्तर बहुधा 'प्रकृतीसाठी' असे येते. उत्तर खोटे नसते, पण अपुरे असते. डॉक्टरांनी वजन उतरवण्यास सांगितले, रक्तातील साखर वाढली, पाठ धरली, अशा कारणांनी माणूस घराबाहेर पडतो हे खरे. परंतु भीती हे इंधन फार काळ पुरत नाही. तपासणीचा अहवाल चांगला आला की भीती ओसरते आणि तिच्याबरोबर व्यायामही ओसरतो.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली ग्रंथरूपाने मांडलेली उपपत्ती येथे उपयोगी पडते. त्यांच्या मते बाहेरून येणारी प्रेरणा आणि आतून उमटणारी प्रेरणा यांत भेद केला पाहिजे. बक्षीस, शिक्षा, लोकलज्जा, आरशातील रूप या बाहेरच्या प्रेरणा. कृती करण्यातच जो आनंद वाटतो ती आतली. ही आतली प्रेरणा फुलण्यास तीन गोष्टी लागतात: आपण हे आपल्या इच्छेने करीत आहोत ही जाणीव, आपल्याला हे जमते आहे ही जाणीव आणि आपल्याला येथे आपली माणसे आहेत ही जाणीव. रायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तायक्वांदो शिकणाऱ्या आणि एरोबिक्स करणाऱ्या व्यक्तींची तुलना होती. शरीर सुडौल व्हावे हा हेतू दुसऱ्या गटात प्रबळ होता. पहिल्या गटात खेळाचा आनंद आणि कौशल्य वाढवण्याची हौस अधिक होती. वर्गाला नियमितपणे येत राहण्यात पहिला गट पुढे होता.

शिक्षक बंधुभगिनींना यात नवे काही वाटणार नाही. गुणांसाठी वाचणारा विद्यार्थी परीक्षेनंतर पुस्तक मिटतो आणि गोडी लागलेला विद्यार्थी सुटीतही वाचनालयात येतो. हे आपण रोज पाहतो. प्रौढ माणसाच्या बाबतीत मात्र हेच आपण विसरतो आणि त्याला उपदेशाचे डोस पाजीत राहतो.

चौघांची बांधणी

प्रौढांचे टेनिस बहुतांशी दुहेरीचे असते. एकेरीत संपूर्ण कोर्ट एकट्याने सांभाळावे लागते. पन्नाशीच्या गुडघ्यांना ते झेपत नाही. दुहेरीत कोर्टाची रुंदी २७ फुटांवरून ३६ फूट होते खरी, पण ती दोघांत वाटली जाते. या तांत्रिक बाबीचा सामाजिक परिणाम मोठा आहे. दुहेरीला चौघे लागतात, तिघांचे चालत नाही. त्यामुळे पहाटे साडेपाचला गजर झाला आणि अंथरूण सोडवेना, तरी आपण न गेलो तर उरलेल्या तिघांचा खेळ बुडेल ही जाणीव माणसाला उठवते. स्वतःच्या प्रकृतीशी केलेला करार माणूस सहज मोडतो, पण तिघा मित्रांशी केलेला मोडताना त्याला संकोच वाटतो. आपल्याकडील भजनी मंडळे, वाऱ्यांतील दिंड्या याच तत्त्वावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. टाळकरी एकटा असता तर किती दिवस उभा राहिला असता, हा प्रश्न विचारून पाहावा.

हैदराबादसारख्या शहरात या सोबतीला आणखी अर्थ आहे. १९९८ साली माधापूर भागात सायबर टॉवर्सचे उद्‌घाटन झाल्यापासून शहराच्या पश्चिमेस नवी वस्ती झपाट्याने वाढली. देशाच्या सर्व भागांतून माणसे नोकरीसाठी आली. त्यांत नांदेड, लातूर, सोलापूरकडचे तरुणही पुष्कळ आहेत. या माणसांना वेतन आहे, घर आहे, पण गावातला पार नाही. ज्यांच्याशी कामाखेरीज बोलावे अशी माणसे जोडण्यास परक्या शहरात वर्षे लागतात. कोर्टावर ती काही आठवड्यांत जोडली जातात. तेथे भाषा फारशी आड येत नाही. तेलुगू, उर्दू, मराठी बोलणारे चौघे इंग्रजी आकड्यांवर तासभर आनंदाने भांडू शकतात.

भांडणाचा उल्लेख थट्टेने केला नाही. मित्रांच्या सामन्यात पंच नसतो. आपल्या बाजूस पडलेला चेंडू आत की बाहेर, हे आपणच सांगावयाचे आणि प्रतिपक्षाने ते मानावयाचे, असा रिवाज आहे. खोटे बोलणे सोपे असते; पण चौघांत एकदा नाव गेले की पुढल्या वेळी बोलावणे येत नाही. कचेरीत जो साहेब आहे त्याचा चेंडूही रेषेबाहेर पडला की बाहेरच. हुद्दा, वेतनश्रेणी, ज्येष्ठता यांतून तासभर मिळणारी ही सुटका अनेकांना प्रकृतीपेक्षाही मोलाची वाटते. सेवानिवृत्त माणसाला तर ती फारच जवळची. निवृत्तीनंतर दुसऱ्या दिवशी दूरध्वनी वाजायचा थांबतो, तेव्हा ज्याच्याकडे सकाळची चौकडी आहे तो त्या शांततेतून लवकर सावरतो.

जमण्याचा आनंद

टेनिसचा चेंडू रॅकेटीच्या नेमक्या मध्यावर बसला की हाताला धक्का जाणवत नाही, एक भरीव आवाज येतो आणि चेंडू हवा तेथे जातो. नवशिक्याला हा अनुभव तासाभरात एकदा किंवा दोनदा येतो. पण तेवढ्यासाठी तो दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. प्रौढ वयात नवीन काही शिकण्याचे प्रसंग कमी होत जातात. कचेरीतले काम हातचा मळ झालेले असते, संसाराची घडी बसलेली असते. अशा वेळी पंचेचाळिसाव्या वर्षी आपल्याला नवे काही येऊ लागले, ही जाणीव माणसाला तरतरी देते.

या खेळाची गुण मोजण्याची रीतही या दृष्टीने मोठी हिकमती आहे. कबड्डीत किंवा क्रिकेटमध्ये एक पक्ष फार पुढे गेला की दुसऱ्याचा उत्साह मावळतो. टेनिसमध्ये चार गुणांचा एक गेम. तो हरला की पुढचा पुन्हा शून्यापासून. सहा गेमचा सेट हरला तरी दुसरा सेट कोरा. शेवटचा गुण पडेपर्यंत सामना हातचा गेला असे म्हणता येत नाही. ज्याला आयुष्यात पुष्कळ ठिकाणी चूक दुरुस्त करण्याची संधी मिळत नाही, त्याला दर पाच मिनिटांनी नव्याने आरंभ करावयास मिळणे ही साधी गोष्ट नव्हे. शिवाय चेंडू समोरून येत असताना दुसरा कोणताही विचार मनात राहू शकत नाही. थकलेले कर्ज, मुलीचे लग्न, प्रलंबित फाइल हे सारे तेवढ्यापुरते जाळ्यापलीकडे राहते.

अडचण अशी की, हा आनंद नवशिक्याच्या वाट्याला येण्यापूर्वीच पुष्कळजण खेळ सोडतात. त्याचे कारण बहुधा आळस नसून साहित्य असते. नेहमीचा चेंडू वेगाने येतो, उंच उसळतो आणि नवख्याची सारी शक्ती तो वेचून आणण्यात जाते. या बाबतीत गेल्या अर्धशतकात दोन सुधारणा झाल्या. १९७६ साली हॉवर्ड हेड या अमेरिकी कारखानदाराने मोठ्या तोंडाची रॅकेट बाजारात आणली. तिच्यामुळे मध्यावर फटका बसणे सोपे झाले. पुढे २००७ साली आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने नवशिक्यांसाठी मंद चेंडूंचा पुरस्कार सुरू केला. लाल खुणेचा चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा सुमारे ७५ टक्के, नारिंगी ५० टक्के आणि हिरवा २५ टक्के मंद असतो. लहान कोर्टावर लाल चेंडू घेऊन खेळल्यास नवशिक्यालाही पहिल्याच दिवशी सलग आठदहा फटके देता येतात. आपल्याकडे हे चेंडू केवळ मुलांना देतात आणि मोठ्यांना ते वापरण्यास संकोच वाटतो. हा संकोच निव्वळ अनाठायी आहे. जो प्रशिक्षक प्रौढ विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी पूर्ण कोर्टावर उभा करतो, तो त्याला खेळ शिकवीत नाही, घरी जायला शिकवतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

स्त्रियांच्या वाटेतील अडसर

कमी हालचालीचे प्रमाण स्त्रियांत अधिक आहे हे वर आलेच आहे. त्याचे कारण त्यांना खेळाची हौस नाही असे नव्हे. पंडिता क्षमा राव या संस्कृत लेखिका मुंबईच्या टेनिस मैदानावर ख्यातनाम होत्या आणि त्यांची कन्या लीला राव १९३४ साली विंबल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. आईने स्वतः रॅकेट धरली की मुलीला ती परकी वाटत नाही, याचे हे नव्वद वर्षांपूर्वीचे उदाहरण आहे.

पहाटेची वेळ पुरुषांना मोकळी असते ती स्वयंपाकघरात दुसरे कोणीतरी उभे असते म्हणून, ही गोष्ट खेळाच्या चर्चेत सहसा सांगितली जात नाही. सहा ते आठ हा डब्यांचा, मुलांच्या शाळेचा आणि पाणी भरण्याचा वेळ. संध्याकाळी पुन्हा तेच. स्त्रियांना मैदानावर आणावयाचे असेल तर सकाळी नऊ ते अकरा किंवा दुपारी चारचा सुमार अशी वेळ राखून ठेवावी लागेल, त्या वेळी सावली आणि पाण्याची सोय करावी लागेल आणि स्वच्छतागृह कुलूपबंद ठेवून चालणार नाही. कपड्यांचा प्रश्न लोक समजतात तेवढा अवघड नाही. सलवारकमीज आणि बूट घालून उत्तम खेळता येते. सोबत असली की संकोच जातो. एकटी स्त्री येण्याचे टाळते, पण चौघी मिळून बिनदिक्कत येतात. येथेही दुहेरीचा खेळ उपयोगी पडतो.

लाभ किती आणि जपावे काय

टेनिस खेळणारे अधिक जगतात काय? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील पाहणीत सुमारे ८० हजार प्रौढांची माहिती तपासली गेली. टेनिस, बॅडमिंटन, स्क्वॉश यांसारखे रॅकेटचे खेळ खेळणाऱ्यांत मृत्यूचा धोका न खेळणाऱ्यांच्या मानाने ४७ टक्क्यांनी कमी आढळला. पोहणाऱ्यांत तो २८ टक्क्यांनी कमी होता. डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे सुमारे साडेआठ हजार लोकांचा २५ वर्षांपर्यंत मागोवा घेण्यात आला. २०१८ सालच्या त्या अहवालात बैठे जीवन जगणाऱ्यांच्या तुलनेने टेनिस खेळणाऱ्यांचे आयुर्मान ९.७ वर्षांनी, बॅडमिंटन खेळणाऱ्यांचे ६.२ वर्षांनी आणि धावणाऱ्यांचे ३.२ वर्षांनी अधिक दिसले. हे आकडे मोहक आहेत, पण ते जपून वापरले पाहिजेत. टेनिस खेळणारा माणूस बहुधा सुस्थितीतला, शिकलेला आणि मुळात धडधाकट असतो. संशोधकांनी अशा फरकांचा हिशेब करण्याचा यत्न केला असला तरी अशा पाहणीवरून खेळामुळेच आयुष्य वाढले असे सिद्ध होत नाही. कोपनहेगनच्या संशोधकांनी एका गोष्टीकडे मात्र लक्ष वेधले: ज्या खेळांत माणसे एकमेकांत मिसळतात त्या खेळांच्या नावावर अधिक वर्षे जमा झालेली दिसतात.

चाळिशीनंतर प्रथमच खेळू लागणाऱ्याने रक्तदाब, साखर आणि हृदय यांची तपासणी करून घ्यावी. खेळताना छातीत दुखणे, धाप लागणे, चक्कर येणे यांपैकी काही झाल्यास तात्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. मित्रांसमोर हसे होईल म्हणून खेळत राहू नये. हैदराबादेत, तसेच मराठवाड्यात व विदर्भात, एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांवर जातो. तेव्हा आठच्या आत खेळ आटोपावा, तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. कोपराच्या बाहेरील बाजूस होणाऱ्या दुखण्याला 'टेनिस एल्बो' म्हणत असले तरी ते जडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी कधी टेनिस खेळलेलेच नसते. सुतार, रंगारी, धुणे पिळणाऱ्या स्त्रिया यांनाही ते होते. खेळणाऱ्यांत ते बहुधा चुकीच्या पद्धतीने मारलेल्या उलट्या हाताच्या फटक्याने होते.

आपल्या गावात

हे सारे शहरातले झाले, खेड्यात त्याचा काय उपयोग, असे कोणी विचारील. शेतात राबणाऱ्याला वेगळ्या व्यायामाची गरज काय, हा प्रश्नही रास्त आहे. कुळव, कोळपणी, काढणी ही कामे म्हणजे शारीरिक श्रमच होत आणि आरोग्य संघटनाही त्यांची गणना करते. परंतु आज ट्रॅक्टर आणि मळणीयंत्र यांमुळे शेतातील श्रम वर्षातील काही आठवड्यांत एकवटले आहेत. दुकानदार, ग्रामसेवक, शिक्षक, बँकेचे कर्मचारी यांचे काम तर बैठेच आहे. दुसरे असे की, श्रम आणि खेळ एक नव्हेत. श्रमात शरीर झिजते तेव्हा मन विसावतेच असे नाही.

टेनिसचे कोर्ट ७८ फूट लांब आणि दुहेरीसाठी ३६ फूट रुंद असते. धावण्यास मोकळी जागा धरून १२० फूट लांब व ६० फूट रुंद, म्हणजे सुमारे साडेसहा गुंठे जमीन लागते. तालुका क्रीडासंकुलात ती मिळू शकते, प्रत्येक गावात मिळणार नाही. तेथे आपल्या शाळांना परिचित असलेले रिंग टेनिस, म्हणजे टेनिक्वाइट, उत्तम काम देते. एक रबरी कडे, दोन बांबू आणि एक जाळे एवढ्यावर ते चालते, जाळे नसल्यास दोरीही चालते. बॉल बॅडमिंटन आणि व्हॉलीबॉल हेही याच जातीचे खेळ होत. मध्ये जाळे, दोन्ही बाजूंस सोबती, अंगाला अंग न लागता चालणारी चुरस आणि तासाभरात संपणारा डाव, ही प्रौढांना मानवणारी सारी लक्षणे त्यांत आहेत.

जागा तर बहुतेक गावांत आधीच आहे. शाळेचे मैदान सकाळी सातपर्यंत आणि सायंकाळी पाचनंतर रिकामे असते. अडचण फाटकाच्या किल्लीची असते. मोडतोड झाली, कोणी पडले तर जबाबदारी कोणाची, या भीतीने मुख्याध्यापक किल्ली देत नाहीत आणि त्यांना दोष देता येत नाही. शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्रामपंचायत यांनी ठराव करून वेळ, जबाबदारी आणि साफसफाई नेमून दिल्यास हा प्रश्न सुटतो. किल्ली एकाकडे न ठेवता खेळणाऱ्यांपैकी दोघांकडे ठेवावी, म्हणजे एक परगावी गेला तरी खेळ अडत नाही.

मैदान मुरमाचे असावे. पावसाळा सरल्यावर वरचा थर खरवडून बारीक चाळलेला मुरूम आणि पोयटा टाकावा, पाणी मारून दोन दिवस रोलर फिरवावा, वर शेणाचा पातळ काला देऊन वाळू द्यावे आणि चुन्याने रेषा आखाव्यात. रोलर नसल्यास दगडाने भरलेला लोखंडी पिंप चालतो. उन्हाळ्यात रोज सायंकाळी हलके पाणी शिंपडले तर धूळ उडत नाही आणि पुढच्या पावसापर्यंत मैदान टिकते.